शीचा रंग बदलला, जुलाब लागले: घरोघरी विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर उघडपणे कोणी बोलत नाही आणि मग रात्री बाळाच्या नॅपीकडे बघून किंवा कमोडमध्ये बघून जीव घाबरा होतो. म्हणून जे प्रश्न सारखे सारखे येतात ते सगळे इथे घेतलेत, लहान मुलांचे आणि मोठ्यांचेही. तपासणारा डॉक्टर तो तपासणाराच, पण डॉक्टरकडे आत्ता पळायचं की दोन दिवस बघायचं एवढं तरी घरात कळलं पाहिजे.

मुळात शी तपकिरी का असते?

लिव्हरमधून येणारा पित्तरस हिरवट-पिवळा असतो, तो आतड्यात उतरतो, तिथले जंतू त्याच्यावर काम करतात आणि शेवटी तो तपकिरी रंग येतो. म्हणजे रंग तीन गोष्टींवर ठरतो: पित्तरस आला का, आतड्यात किती वेळ मिळाला, आणि तुम्ही काय खाल्लं. म्हणून पिवळसर, तपकिरी, हिरवट या सगळ्या छटा रोज बदलल्या तरी चालतात. खरी काळजी तीनच रंगांची: डांबरासारखा काळा, रक्ताचा लाल, आणि पांढरा. बाकी सगळं बहुतेक वेळा जेवणाचं असतं.

काल बीटाची कोशिंबीर खाल्ली, आज सगळं लाल, लघवी पण गुलाबी. रक्त आहे का?

बहुतेक बीटच. लाल ड्रॅगन फ्रूट, लाल रंगाची जेली, गाडीवरचं लालभडक मंच्युरियन यांनीही असंच होतं, मुलांमध्ये तर जास्तच दिसतं. आधी कालचं आणि परवाचं जेवण आठवा, तो पदार्थ बंद करा, दोन-तीन दिवसांत रंग गेला पाहिजे. नाही गेला, किंवा तसं काही खाल्लंच नव्हतं, किंवा सोबत पोटात दुखतंय, ताप आहे, चक्कर येतेय, तर मग बीटावर ढकलू नका. टीबीची औषधं चालू असतील तर रिफाम्पिसिनमुळे लघवी, घाम, डोळ्यातलं पाणी केशरी होतं, शीतही तशी झाक येऊ शकते, त्याला घाबरून गोळ्या बंद करायच्या नाहीत.

आयर्नच्या गोळ्या सुरू केल्यापासून काळी होतेय. चालेल?

चालेल. प्रेग्नन्सीत किंवा हिमोग्लोबिन कमी म्हणून आयर्न घेणाऱ्या बऱ्याच जणींना हे होतं, काळपट-हिरवी शी, पण नेहमीसारखी बांधलेली. भरपूर जांभळं, काळी द्राक्षं खाल्ली तरी गडद होते.

धोक्याची काळी वेगळी असते. ती डांबरासारखी चिकट, चकचकीत, पाणी टाकलं तरी भांड्याला चिकटून राहणारी, आणि वास इतका वेगळा नि उग्र की घरातल्या बाकीच्यांनाही जाणवतो. याचा अर्थ जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला रक्तस्राव झालाय आणि ते रक्त खाली येईपर्यंत पचून काळं पडलंय. आपल्याकडे याचं एक मोठं कारण म्हणजे दुखण्याच्या गोळ्या. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक आणून महिनोन्‌महिने घेणारे आजी-आजोबा घरोघरी आहेत, त्यात कोणी हार्टसाठी अ‍ॅस्पिरिन पण घेत असतं, आणि हे कोणालाच सांगितलेलं नसतं. दारूमुळे लिव्हर खराब झालेल्यांनाही असा रक्तस्राव होतो आणि तो फार जोरात होऊ शकतो. अशी काळी शी दिसली की त्याच दिवशी हॉस्पिटल, आणि चक्कर, गार घाम, छातीत धडधड किंवा रक्ताची उलटी असेल तर सरळ १०८ ला फोन. आयर्न चालू असलं तरी चिकट आणि उग्र वासाची असेल तर हाच नियम, आयर्नचं कारण देऊन घरी बसू नका.

ताजं लाल रक्त पडतं, मूळव्याधच असेल ना?

असूही शकते. दुखत नाही पण शेवटी थेंब-थेंब रक्त किंवा धार पडते हे मूळव्याधीत होतं. कापल्यासारखं भयंकर दुखतं आणि शीवर रक्ताची बारीक रेघ असते हे बहुतेक फिशर, म्हणजे गुदद्वाराला पडलेली चीर, कडक शी करणाऱ्या लहान मुलांमध्ये पण हेच कारण सगळ्यात जास्त.

पण माझं म्हणणं असं की हा निर्णय स्वतःचा स्वतः घेऊ नये, एकदा तरी डॉक्टरने तपासलेलं असावं. मूळव्याध समजून लोक वर्ष-वर्ष खात्रीशीर इलाजाच्या बोर्डाखाली जातात, लेप लावतात, बायका तर घरात सांगतही नाहीत, आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सरही सुरुवातीला असंच थोडं थोडं रक्त टाकत असतो. चाळिशी-पंचेचाळिशी ओलांडली असेल, शौचाची सवय हल्ली बदलली असेल, वजन उतरत असेल, हिमोग्लोबिन कारण नसताना कमी येत असेल किंवा घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असेल तर कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून बघणं, करायची का हे डॉक्टरला स्पष्ट विचारा.

रक्तासोबत चिकट आव पडते, पोटात मुरडा येतो

हा आमांश. जंतूंमुळे किंवा अमिबामुळे आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा झालेली असते, सारखं जावंसं वाटतं आणि थोडंसंच पडतं. इथे घरगुती उपायांवर दिवस काढू नका, पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याच दिवशी दाखवा कारण यात अँटिबायोटिक लागू शकतं आणि ते कुठलं ते डॉक्टरच ठरवणार. रक्ताचे जुलाब झालेल्या मुलाची नंतर लघवी एकदम कमी झाली, चेहरा पांढराफटक पडला, तर जुलाब थांबलेले असले तरी लगेच न्या, किडनीवर परिणाम झालेला असू शकतो.

बाळाची शी हिरवी झाली, सर्दी उतरली असं सासूबाई म्हणतात

हिरवी शी म्हणजे पित्तरस आतड्यातून घाईघाईने खाली आला, तपकिरी व्हायला वेळच मिळाला नाही. जुलाबात म्हणूनच हिरवी होते, पालक-मेथी खाऊन होते, आयर्नच्या ड्रॉप्सने होते. बाळ दूध पितंय, खेळतंय, लघवी नीट होतेय, तर हिरव्या रंगाला औषध नको.

नुसत्या आईच्या दुधावरचं बाळ दिवसात आठ-दहा वेळा करतं. जुलाब म्हणायचे का?

नाही. पहिले एक-दोन दिवस काळी-हिरवट चिकट शी असते, मग दूध सुरू झालं की चार-पाच दिवसांत पिवळी होते, पातळ, मोहरीसारखे दाणे असलेली. दूध प्यायलं की लगेच शी, असं चालू असतं आणि वजन वाढत असतं तोवर ते नॉर्मल आहे. उलट दीड महिन्यानंतर हेच बाळ चार-पाच दिवस काहीच करत नाही आणि मग एकदम मऊ शी करतं, तेही चालतं. नेहमीपेक्षा अचानक जास्त पाणीदार व्हायला लागली, वास बदलला, बाळ मलूल झालं, दूध ओढेना, तर ते जुलाब. दोन-तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर घरी प्रयोग नाहीत, सरळ डॉक्टर.

बाळाची शी पांढरट, फिकट दिसतेय पण बाळ तर मस्त गुटगुटीत आहे

हा प्रश्न कमी लोक विचारतात आणि तो सगळ्यात जास्त विचारायला हवा. फिकट, राखाडी, पांढऱ्या मातीसारखी शी म्हणजे पित्तरस आतड्यात येतच नाहीये. काही बाळांमध्ये पित्ताच्या नळ्या जन्मापासून किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बंद होत जातात, डॉक्टर त्याला बिलिअरी अट्रेसिया म्हणतात. बाळ दिसायला छान असतं, दूध पितं, फक्त कावीळ जात नाही, लघवी गडद पिवळी होते आणि शी फिकट होत जाते. कोवळ्या उन्हात धरा, जाईल, असं सगळे सांगत राहतात आणि त्यात आठवडे निघून जातात. यावर कसाई नावाचं ऑपरेशन आहे, जपानी सर्जन मोरिओ कसाई यांच्या नावाचं, आणि ते साधारण ६० दिवसांच्या आत झालं तर पित्त वाहायला लागण्याची शक्यता जास्त असते. जसजसा उशीर होतो तसतसं लिव्हर कडक होत जातं आणि मग पुढे लिव्हर ट्रान्सप्लांटशिवाय पर्याय उरत नाही. तैवानने २००४ पासून देशभर आयांना शीच्या रंगांचं कार्डच द्यायला सुरुवात केली, आई घरी नॅपी कार्डाशी जुळवून बघते, इतकी साधी गोष्ट. आपल्याकडे ते कार्ड हातात मिळत नाही म्हणून आईनेच डोळे उघडे ठेवायचे: १४ दिवसांनंतरही कावीळ दिसतेय किंवा शी फिकट आहे तर बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि रक्तातलं डायरेक्ट बिलिरुबिन, म्हणजे पित्त अडलंय का ते सांगणारा काविळीचा घटक, तपासायचं का असं विचारा. नॅपीचा फोटो दिवसाच्या उजेडात काढून न्या, ट्यूबलाइटमध्ये रंग चुकतो.

मोठ्या माणसाची पांढरट शी म्हणजे पित्ताचा खडा नळीत अडकलाय, किंवा हिपॅटायटिसची कावीळ, किंवा स्वादुपिंडाजवळची गाठ नळी दाबतेय, यातलं काहीही. सोबत डोळे पिवळे, लघवी चहासारखी, अंगाला खाज असते. माळ घालून, झाडपाल्याचं औषध घेऊन कावीळ उतरवायला जाऊ नका, आधी रक्त आणि सोनोग्राफी. बेरियमचा एक्स-रे काढला असेल तर मात्र एक-दोन दिवस पांढरी होते, ते आपोआप जातं.

दात येताना जुलाब होणारच ना?

नाही, आणि या समजुतीने बरीच मुलं उशिरा दवाखान्यात पोचतात. दात येण्याच्या वयात मूल रांगतं, जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं, वरचं खाणं नुकतंच सुरू झालेलं असतं, बाटली नीट उकळलेली नसते, त्यातून इन्फेक्शन होतं. दातांमुळे हिरड्या शिवशिवतील, लाळ गळेल, पाण्यासारखे जुलाब होणार नाहीत. झाले तर जुलाबाचाच उपाय करा. आणि ६, १०, १४ आठवड्यांना रोटाव्हायरसचे डोस सरकारी लसीकरणात फुकट आहेत, ते चुकवू नका.

मग जुलाब म्हणायचे तरी कधी?

दिवसात तीन किंवा जास्त वेळा पातळ. १४ दिवसांच्या पुढे गेले की ते लांबलेले, त्यांना तपासण्या लागतात. पण आकडा मोजत बसण्यापेक्षा लघवी बघा. लघवी नेहमीसारखी होतेय म्हणजे अंगात पाणी आहे. सहा तासांत लघवीच नाही, झाली ती गडद, जीभ कोरडी, रडताना डोळ्यात पाणी नाही, डोळे खोल, बाळाची टाळू आत गेलेली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसते, ही पाणी संपत चालल्याची लक्षणं. जुलाबाने माणूस दगावतो तो बहुतेक पाण्या-मिठाच्या कमतरतेने.

ओआरएस नक्की कसं बनवायचं? पाकिटावरचं वाचता येत नाही इतकं बारीक आहे

मोठं, साधारण २०.५ ग्रॅमचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. छोटं पाकीट २०० मिली पाण्यात, म्हणजे एक साधारण ग्लास. लोक नेमकं इथे चुकतात, मोठं पाकीट एका ग्लासात ओततात किंवा रोज थोडी थोडी पावडर चमच्याने काढतात. मीठ जास्त झालं तर तान्ह्या बाळाला ते खरंच घातक आहे. पाणी उकळून गार केलेलं, त्यात पूर्ण पाकीट, ढवळलं की झालं, वरून साखर, ज्यूस, दूध काही नाही, पुन्हा उकळायचं नाही आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं.

किती द्यायचं तर प्रत्येक पातळ शीनंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली, मोठ्यांनी हवं तेवढं. आईचं दूध सोबत चालूच.

हे साधं पाणी नाही हे मनावर ठसलं पाहिजे. साखर आणि मीठ ठरलेल्या प्रमाणात असले की आतडं दोन्ही एकत्र आत ओढतं आणि त्यांच्यासोबत पाणी आत जातं, जुलाब चालू असतानासुद्धा. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं द्रावण ड्रममधून वाटायला लावलं, नातेवाईकच पेशंटला पाजत होते, आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. एवढं सगळं आपल्या हातात काही रुपयांत आलेलं असताना आपण सलाइन लावा, सलाइन लावा म्हणून डॉक्टरच्या मागे लागतो.

पाजलं की उलटी करतो, काय करू?

दहा मिनिटं थांबा, मग चमच्याने, दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. कंटाळवाणं आहे, हात भरून येतो, पण बहुतेक मुलांना तेवढं टिकतं. ग्लास तोंडाला लावला की तहानेने गटागट पितात आणि सगळं बाहेर येतं. चमच्यानेही काहीच टिकत नसेल तर मग हॉस्पिटल.

ओआरएस नाही मिळालं तर? टेट्रापॅकमधलं चालतं का?

रात्री-बेरात्री एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ, शीग लावायची नाही. सोबत भाताची पेज, पातळ ताक, डाळीचं पाणी. नारळपाणी द्या पण फक्त त्यावर राहू नका, त्यात मीठ कमी पडतं. कोल्ड्रिंक, एनर्जी ड्रिंक, गोड ज्यूस यांनी जुलाब वाढतात. टेट्रापॅकमधली कितीतरी गोड पेयं ओआरएस नाव लावून विकली जात होती, ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेने, त्या नावावर बंदी आणली. तुम्ही मेडिकलवाल्याकडे डब्ल्यूएचओ फॉर्म्युलाचंच मागा.

झिंक कशाला देतात?

जुलाब लवकर आटोपतात आणि पुढचे दोन-तीन महिने परत होण्याची शक्यता कमी होते. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, सहा महिने ते पाच वर्षं २० मिलिग्रॅम, १४ दिवस. गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते, आशाताईंकडे, सरकारी दवाखान्यात मिळते. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी १४ दिवस पूर्ण करा, हे जवळजवळ कोणीच करत नाही.

खायला काय द्यायचं, की पोटाला आराम?

आराम नको. उपाशी ठेवलं की मूल अजून खंगतं. मऊ भात, मुगाची खिचडी, दही-भात, केळं, साबुदाण्याची पेज, थोडं थोडं पण दर दोन-तीन तासांनी. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं द्या. वरचं दूध प्यायल्यावर मात्र पोट फुगून पुन्हा पातळ होत असेल तर काही दिवस दुधाऐवजी दही-ताक द्या, आतडं सावरलं की परत दूध पचतं. आईचं दूध कधीच बंद करायचं नाही. आजीबाईंची बाळगुटी, मुरुडशेंग, जायफळ उगाळून देणं यामागे माया असते हे मला कळतं, पण सहाण, पाणी, हात स्वच्छ नसले की त्यातूनच जंतू जातात, आणि आजारी तान्ह्या बाळाला जायफळ तर नकोच.

एक गोळी घेऊन बंद करता येत नाही का? गाडी पकडायचीये

लोपेरामाइड आतड्याची हालचाल थांबवतं. निरोगी मोठ्या माणसाने, ताप नाही, रक्त नाही, अशा वेळी एखादं-दुसरं घेतलं तर ठीक. लहान मुलांना अजिबात नाही, आणि ताप किंवा रक्त असेल तर मोठ्यांनीही नाही. आणि ती मेडिकलमधून दोन-दोन सुट्या मिळणारी ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडाझोल टाइपची गोळी, ती घेणं खरंच थांबवा. बहुतेक जुलाब व्हायरसचे असतात, ते तीन ते सात दिवसांत आपणच जातात, गोळीने फरक पडला असं वाटतं कारण तसंही थांबणारच होतं. उलट अँटिबायोटिकनेच जुलाब लागतात, कधी गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनीही.

हॉस्पिटलमध्ये कधी न्यायचं?

मूल मलूल पडलंय, उठवलं तरी नीट उठत नाही, पाणी पाजता येत नाही, सारख्या उलट्या, वर सांगितलेली पाणी संपल्याची लक्षणं, रक्त, जोराचा ताप, हिरवी किंवा पिवळीधमक उलटी आणि पोट फुगलेलं. आणखी एक चित्र लक्षात ठेवा: साधारण सहा महिने ते दोन-तीन वर्षांचं मूल, मध्येच पाय पोटाशी घेऊन कळवळून रडतं, मग शांत होतं, दहा-पंधरा मिनिटांनी परत तेच, उलट्या, आणि नंतर लाल जेलीसारखी शी. आतडं आतड्यात शिरलेलं असतं, यात तास मोजायचे असतात, लाल शीची वाटसुद्धा बघू नका.

मोठ्यांमध्ये भाताच्या धुवणासारखे पांढुरके पाणीच पाणी जुलाब, पायात गोळे येणं, म्हणजे पटकी, कॉलरा, असू शकते. ओआरएस पाजत पाजतच न्या, आणि गल्लीत अजून कोणाला होतंय का ते ग्रामपंचायतीला किंवा वॉर्ड ऑफिसला कळवा, पाण्याची पाइपलाइन तपासली जाईल.

सत्तरीचे बाबा, शुगर-बीपीच्या गोळ्या चालू आहेत, ओआरएसमध्ये तर साखर असते

द्यायचं. त्यातली साखर मोजकी असते आणि तीच मीठ-पाणी आत नेते. मात्र लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, काही बीपीच्या गोळ्या, मेटफॉर्मिन, शुगरच्या नव्या ग्लिफ्लोझिन गोळ्या जुलाब-उलट्यांत चालू ठेवल्या तर किडनीला त्रास होऊ शकतो, त्यामुळे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून कुठली थांबवायची ते विचारा. इन्सुलिन मात्र मनाने बंद करू नका. हार्ट फेल्युअर किंवा किडनीचा पेशंट असेल तर किती पाणी द्यायचं तेही विचारूनच.

जुलाब थांबले, पण आठवड्याने पाय जड वाटतायत

हे थांबून बघण्यासारखं नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण एकदम वाढले तेव्हा अनेकांना आधी जुलाब झालेले होते, काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला. जंतूशी लढताना शरीर चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करतं. जुलाबानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांत पायात मुंग्या, जिना चढताना पाय न उचलणं, अशक्तपणा वर वर चढत जाणं, गिळायला त्रास, असं काही झालं तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्या, श्वासावर येण्याआधी. हे फार थोड्यांना होतं, पण लवकर उपचार मिळाले तर बहुतेक जण बरे होतात. पाणी उकळून प्या किंवा मेडिक्लोर, म्हणजे पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं औषध, बाटलीवर लिहिलंय तितकं घालून अर्धा तास ठेवा, चिकन पूर्ण शिजवा.

महिना झाला, कधी पातळ कधी बरं, कधी तेलकट

तेलकट, तरंगणारी, खूप घाण वासाची, भांड्याला चिकटणारी म्हणजे चरबी पचत नाहीये. जिआर्डिया, स्वादुपिंड, गव्हाचा त्रास म्हणजे सीलिअॅक, आतड्याचा टीबी, थायरॉइड, अशी बरीच कारणं निघतात. टेन्शनमध्ये वाढणारा आयबीएस, म्हणजे आतड्याचं काम बिघडण्याचा त्रास, पण असतो, पण रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, वजन घटणं, ताप, रक्त हे आयबीएसचं नाही, तिथे तपासणी हवीच. शीत पांढरे दोऱ्यासारखे वळवळणारे दिसले तर जंत, अल्बेंडाझोल विचारून घ्या, मुलांना १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला शाळा-अंगणवाडीत देतातच.

शीची तपासणी सांगितली, कशी न्यायची?

लॅबमधून मिळणारी डबी घ्या, घरची औषधाची बाटली धुऊन नको. लघवी किंवा संडासातलं पाणी मिसळू देऊ नका, खाली कागद किंवा प्लास्टिक धरा, जिथे रक्त किंवा आव दिसतेय तोच भाग चमचाभर घ्या आणि शक्यतो तास-दोन तासांत पोचवा. बाळाच्या नॅपीने पाणी शोषून घेतलं तर नमुना वाया जातो, नॅपी उलटी घाला किंवा आत प्लास्टिक लावा. अँटिबायोटिक आधीच सुरू केलं असेल तर लॅबला आणि डॉक्टरला सांगा, कल्चरमध्ये मग जंतू वाढत नाही आणि रिपोर्ट उगाच नॉर्मल येतो.